जुन्या फडक्यांचा सौदा

नरहरपंत, तुम्ही मला फसवलंत.

सांगलीच्या पेठेत सध्या उलटं बोललं जातं. कापडवाल्यानं संस्थानाच्या जुन्या कागदांचं दप्तर खाल्लं आणि त्या धसक्यानं पंत गेले, असं लोक माझ्या दुकानावरून जाताना मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणतात. परवा मी गादीवरून उठून एकाच्या अंगावर धावून गेलो. त्यानं काही फरक पडला नाही. तुमचा तेरावा होऊन चार दिवस झालेत आणि माझं कशातच लक्ष नाही. गिऱ्हाइकाला लुगडं दाखवताना मध्येच थांबतो, त्याला वाटतं शेट भाव वाढवायच्या विचारात आहे. सांगलीच्या साप्ताहिकाचे संपादक म्हणाले, "तुमचा त्यांचा दहा वर्षांचा स्नेह, चार शब्द लिहून द्या." त्यांना चार गोड शब्द हवे असणार. ते माझ्याकडे नाहीत. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलंय, तेवढं मी इथं पुरं करणार आहे. ज्यांना मयताशी भांडणं पटत नसेल त्यांनी पान उलटावं.

तुम्ही पहिल्यांदा दुकानात आलात तेव्हा लढाई सुरू झाली होती आणि कागद मिळेनासा झाला होता. संस्थानाच्या दप्तरातले मोडी वाचणारे कारकून, एवढंच मला तुमच्याबद्दल माहीत. म्हटलं, धोतरजोडी घेतील. तुम्ही बैठकीवर टेकलात, एकही तागा उलगडू दिला नाहीत आणि विचारलंत, "ताग्याच्या आत पुठ्ठा असतो, त्याचं तुम्ही काय करता?"

"बंब पेटवतो."

"मला द्याल का?"

"आणि बंब कशावर पेटवू?"

तुम्ही जरा विचार केलात. "एका पुठ्ठ्यामागं दोन गोवऱ्या देईन."

"तीन."

"बरं."

पहिल्याच शब्दाला बरं म्हणणारा माणूस मला तेव्हाही आवडला नव्हता. मी खांद्यावर गाठोडं टाकून तासगावच्या अंगाची खेडी पालथी घातलेला माणूस. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. माणूस पहिल्या भावाला कबूल झाला की मला रात्रभर वाटत राहतं, आपण कमी मागितलं. आणि तुम्ही तर दर रविवारी खरंच गोवऱ्यांची पाटी घेऊन यायला लागलात. डोक्याला पगडी, एका हातात छत्री, दुसऱ्या हातानं काखेत धरलेली पाटी. सगळी पेठ बघायची. तिसऱ्या रविवारी मीच ओरडलो, "पंत, पुरे करा. पुठ्ठे फुकट न्या, पण हे ध्यान आमच्या दारात नको!" तेव्हा तुम्ही हसलात. तो माझ्या आयुष्यातला पहिला सौदा, जो मी जिंकून हरलो.

त्या पुठ्ठ्यांचं काय करता, हे तुम्ही वर्षभरानं दाखवलंत. मला वाटलं होतं, मुलांसाठी खेळ करत असाल. मग कळलं मूलबाळ नाही.

दप्तराच्या खोलीत मी आधी कधी गेलो नव्हतो. भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर रुमाल. बाहेरच्या माणसाला रुमाल म्हटलं की खिशातला आठवेल. दप्तरातला रुमाल म्हणजे चौकोनी फडक्यात बांधलेलं कागदांचं गाठोडं. दीड-दोन हजार तरी होते. सगळे साल आणि खातं यांच्या क्रमानं लावलेले. तुम्ही म्हणालात, "शेटजी, इथं येणाऱ्याला साल कधी माहीत नसतं. तो म्हणतो, माझ्या आज्याचं आणि त्याच्या भावाचं विहिरीवरून वाजलं होतं, त्याचा कागद द्या. माणूस साल विसरतो, भांडण विसरत नाही. आणि आम्ही दप्तर लावलंय सालावर." लोक जसं विचारतील तसं तुम्ही एका वहीत उतरवून घेत होता, त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच चुकांसकट. सहा वर्षं. त्यातून तुम्ही ठरवलं होतं की माणसं शेवटी चाळीसएक गोष्टींवरूनच भांडतात. विहीर, बांध, पाट, दत्तक, देवाची पूजा, आंब्याची झाडं.

मग पुठ्ठ्याची पत्ती दाखवलीत. पोस्टकार्डाएवढी. चारी कडांना ओळीनं भोकं, एकेक भोक एकेका भांडणाचं. एका कागदाला एक पत्ती. त्या कागदात विहीर असेल तर विहिरीचं भोक कात्रीनं कडेपर्यंत कापून उघडं करायचं. बाकीची बंदच. हे सुचलं कुठं, तर मिरज जंक्शनला. तिकीट तपासनीस तिकिटाला चिमटा मारतो आणि नुसत्या भोकाकडे बघून त्याला कळतं माणूस कुठं चढला. गाडी तीन तास उशिरा होती, तुम्ही तीन तास त्याच्या हाताकडे बघत उभे होता. शेवटी त्याला वाटलं, तुमच्याकडे तिकीट नाही.

"काहीतरी विचारा," तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, "आमच्या चुलत्यानं आमची आंब्याची झाडं खाल्ली. वीस वर्षं झाली. काढा कागद."

तुम्ही आमच्या गावच्या पत्त्यांची चवड उचललीत, आंब्याच्या भोकातून सायकलच्या चाकाची तार घातलीत, चवड वर उचलून हलवलीत. ज्यांचं ते भोक कापलेलं होतं त्या आठ-दहा पत्त्या टपटप खाली पडल्या. बाकीच्या तारेला लटकून राहिल्या. पडलेल्या तेवढ्या परत उचलल्यात, वाटणीच्या भोकातून तार. दोन पत्त्या पडल्या. एक वाचून तुम्ही दारातल्या शिपायाला हाक मारलीत, "दोन हिरवे, एक तांबडा!" माझ्या तोंडातलं पान संपायच्या आत रुमाल समोर होता.

कागद निघाला. त्यात चुलता खरा निघाला.

झाडं आमच्या बापानं विकली होती. मी तुमच्याशी दोन महिने बोललो नाही. वीस वर्षं जिवापाड सांभाळलेलं भांडण तुम्ही सायकलच्या तारेनं, माझं पान संपायच्या आत, संपवलंत, हे मला सहन झालं नाही. नंतर चुलत्याच्या पाया पडून आलो. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, आज सांगतो. त्यानं मला पोटाशी धरलं. त्यानंतर दोन वर्षांनी तो गेला. तुमची तार नसती तर मी त्याच्या मातीलाही गेलो नसतो.

ते हिरवे-तांबडे म्हणजे टाके. शिपायाला अक्षर येत नव्हतं आणि रुमालांना चिकटवलेल्या आकड्यांच्या चिठ्ठ्या कसर खायची. म्हणून प्रत्येक रुमालाच्या एका कोपऱ्यावर रंगीत दोऱ्याचे टाके घातले, आणि पत्तीवर लिहिलं कुठल्या टाक्यांचा रुमाल. टाके तुमच्या मंडळींनी, आमच्या वहिनींनी घातले. तीन वर्षं, संसाराचं आवरून झालं की रोज दुपारी एक-दोन रुमाल. दोरा माझ्या दुकानातला. कंट्रोलच्या दिवसांत रंगीत दोरा मी कुठून आणत होतो ते तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही.

वाद तिथंच सुरू झाला. मी म्हणायचो, "पंत, कुठल्या टाक्यांत काय बांधलंय, याची आणखी एक यादी करा. घरी ठेवा. माझ्या गठ्ठ्यावर खूण असते, वहीत असते आणि डोक्यात असते. तीन जागी."

तुम्ही म्हणायचात, "दोन जागी लिहिलं की दोन्हींत फरक पडतो. मग खरं कुठलं हे ठरवायला तिसरं दप्तर काढावं लागेल."

"आणि एकच जागा गेली म्हणजे?"

"जाईल कशी? रुमाल काय पळून जाणार आहेत?"

पुढची सगळी वर्षं हाच वाद. चहा पिताना, कृष्णेच्या घाटावर, तुमच्या दारात चपला घालताना. माझा आवाज चढायचा, तुमचा नाही. एक गोष्ट एकदाच सांगायची, ती नीट सांगायची, आणि ज्याला हवी त्यानं नीट ऐकायची, ही तुमची रीत. वहिनी म्हणायच्या, "यांना भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा एकदाच सांगता येतं. मी ऐकलं नाही तर अळणी जेवतात."

मग संस्थान विलीन झालं. तुमचं दप्तर साताऱ्याला न्यायचं ठरलं आणि त्यासाठी एक नवे साहेब आले. तरुण, हुशार, घाईतले. जुन्या राजवटीच्या कळकट फडक्यांत नव्या सरकारचं दप्तर जाणार नाही, म्हणाले. सगळे रुमाल नव्या पांढऱ्या मांजरपाटात बांधायचे, वर शाईनं नवे आकडे घालायचे. कापडाचा सौदा मी मिळवला. फुशारकी नाही, पण तिघा जणांना मागं सारून मिळवला. साहेब भाव उतरवायला बसले तेव्हा मी म्हटलं, "उतरवतो. पण जुनी फडकी सगळी माझी." साहेबांनी हसून हात पुढं केला. त्यांना वाटलं, कचरा फुकट उचलला जाईल.

तुम्ही म्हणाल, शेटजी, टाके तुम्हाला ठाऊक होते. होते. पण मला वाटलं, पंतांनी खुणा नव्या कापडावर उतरवून घेतल्या असतील. दप्तर त्यांचं, काळजी त्यांना. सौदा करताना मी समोरच्याची काळजी वाहत नाही, नाहीतर आजही गाठोडं खांद्यावरच असतं. तुम्हाला साहेबांनी साताऱ्याची जागा लावायला पुढं धाडलं होतं, हे मला माहीत नव्हतं. इकडे सांगलीत हमालांनी दोन दिवसांत सगळे रुमाल सोडून पुन्हा बांधले. कुठल्याही फळीचा रुमाल हात जाईल तिकडे ठेवला. जुनी फडकी मी गाडीत भरून मिरजेला तंबोरे करणाऱ्यांना विकली. लाखेचं पॉलिश घासायला त्यांना जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती कापड लागतं.

वर्षभरानं, ऐन बाजाराच्या दिवशी, येरळा नदीच्या काठच्या एका गावची बाई दुकानाची पायरी चढली. हौसाबाई. नवरा पलटणीत होता, लढाईत गेला. गिऱ्हाइकांना ढकलून पुढं आली.

"तुमीच का वं त्यो कापडवाला?"

"इथं पंधरा कापडवाले आहेत. काय पायजे?"

"मला कापड नगं. खुना द्या."

"कसल्या खुणा?"

"माझा कागुद हाय दप्तरात. सासऱ्याच्या हिरीच्या पाळीचा. दिरांनी पानी तोडलंय माझं, साताऱ्याला दावा चालू हाय. सायब म्हनलं, समद्या खुना कापडवाल्यानं नेल्या, त्येला जाऊन इचार. त्ये म्हातारं पंत येकेक गठुडं सोडत बसल्यात. डोळं लाल भडक झाल्यात त्येंचं. आन् तुमी हितं गादीवर पान खाताय व्हय?"

मी तिला काहीतरी कडक बोललो. काय ते आठवत नाही, आणि तिनं जे उत्तर दिलं ते छापता येणार नाही. त्याच दुपारी मी मिरजेला गेलो. फडकी शोधली. बहुतेक फाडून, वापरून, फेकून झाली होती. एका कारागिराकडे खुंटीला एक लटकत होतं, लाखेनं तांबूस, कडक झालेलं. कोपऱ्यात दोन निळे टाके शाबूत. वहिनींचा हात मी कुठंही ओळखला असता. म्हटलं, द्या. तो म्हणाला, "घ्या की, त्याचं काय." तरी मी त्याच्याशी घासाघीस केली, फुकट मिळणाऱ्या चिंधीची. रस्त्यावर आल्यावर कळलं की फडकं मिळून उपयोग काय? त्यात कुठले कागद होते ते फडकं कसं सांगणार? गाठ सुटली त्या क्षणी ती खूण मेली होती. एवढं साधं गणित, आणि मी मिरजेपर्यंत धावत गेलो.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला आलो. तुम्ही पांढऱ्या गाठोड्यांमध्ये जमिनीवर बसला होता. सगळी एकसारखी, सगळ्यांवर सुबक आकडे. पत्त्यांच्या चवडी शाबूत होत्या. तार घातली की नेमकी पत्ती अजूनही पडत होती, आणि पत्ती म्हणत होती, तीन पिवळे, एक काळा. म्हणून तुम्ही एकेक रुमाल सोडून, वाचून, पत्तीवर नवा आकडा घालत होता. वर्षभरात दोनशेच्या आसपास झाले होते. हौसाबाईचा अजून आला नव्हता. मी दारातच ओरडायला सुरुवात केली. तुम्ही मला का सांगितलं नाहीत? एक शब्द टाकला असता तर मी फडक्यांना हात लावला असता का? दहा वर्षं माझा चहा प्यालात आणि एक शब्द नाही?

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. "सांगितलं होतं, शेटजी."

"कधी? कुठं? खोटं बोलू नका!"

तुम्ही चष्मा खाली घेतलात आणि पुढच्या रुमालाची गाठ सोडायला लागलात. मी तणतणत निघून आलो. अकराव्या दिवशी तार आली. दप्तरातच छातीत कळ आली, आणि संपलं.

तेराव्याला मी साताऱ्याला आलो ते रागातच. माणूस मरताना माझ्यावर खोटा आळ ठेवून गेला, असं मनात घेऊन पंगतीला बसलो. जेवणं झाल्यावर वहिनी आतून आल्या. मी त्यांनाही तेच विचारलं. लाज वाटली नाही, आता वाटते. त्या शांतपणे म्हणाल्या, "साताऱ्याला निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी. आधी साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, सौदा झालाय, कापडवाल्याशी बोला. मग तुमच्याकडे आले. परत आले ते हसतच. मला म्हणाले, शेटजींना वाटलं मी फडक्यांचा भाव करतोय."

तेव्हा आठवलं. सगळं आठवलं, पंत. दुकान भरलेलं होतं. तुम्ही पायरीवर उभे, छत्री मिटून हातात. म्हणालात, "शेटजी, जुनी फडकी तुम्ही नेऊ नका. नवं कापड त्यांच्यावरूनच बांधा." आणि मी, सगळ्या गिऱ्हाइकांकडे बघत, म्हणालो, "वा! फडकी सरकारची, कापड सरकारचं, आणि मी काय हात हलवत घरी जाऊ? साहेबांना सांगा, ठरलेला सौदा मोडायला गरीब कारकुनाला पाठवू नये." लोक हसले. मीही हसलो. तुम्ही म्हणालात, "बरं."

मी जन्मभर समोरच्याच्या प्रत्येक वाक्यात भाव ऐकत आलो. त्यावर पोट भरलं, त्यावर दुकान उभं राहिलं. तुमच्या तोंडून निघालेलं ते एक वाक्य भाव नव्हतं, आणि ते मला ऐकू आलं नाही. हे मी कबूल करतो. छापून कबूल करतो. पेठेतल्या लोकांनी कात्रण काढून ठेवावं.

पण मी तुम्हाला सोडणार नाही. तुम्ही मला दहा वर्षं ओळखत होता. मी भर बाजारात, माणसांपुढं कसा वागतो, तुम्हाला माहीत होतं. माझ्याशी पहिल्या शब्दाला कुणी थांबत नाही. माझी बायको थांबत नाही, हौसाबाई थांबली नाही. घरी या, दार लावा, माझी गचांडी धरा, टाके म्हणा, वहिनींची तीन वर्षं म्हणा, ओरडा एकदा तरी! तुम्ही बरं म्हणालात आणि निघून गेलात. हेच फसवणं. तुम्ही मला सौदा जिंकू दिलात.

काल पुन्हा साताऱ्याला येऊन साहेबांना भेटलो. पत्त्या आहेत, वहिनींना त्या वाचता येतात, एक मोडी जाणणारा माणूस द्या, जेवायखाण्याचं मी बघतो, उरलेले रुमाल लावून घेऊ. साहेब म्हणाले, "जुन्या संस्थानी पद्धतीची आता गरज राहिली नाही." मी उठलो नाही. आज परत गेलो होतो. उद्याही जाणार आहे. आणि दाव्याची तारीख लागली की हौसाबाईला त्यांच्या टेबलासमोर नेऊन उभी करणार आहे. तिच्या विहिरीचं पाणी कुठल्या पांढऱ्या गाठोड्यात बांधलंय, ते त्यांनीच तिला सांगावं.

माझ्या वाट्याचं उत्तर मी हौसाबाईला देईन. ती शिव्या घालील, मी खाईन. साहेबांच्या वाट्याचं त्यांच्याकडून काढल्याशिवाय मी सातारा सोडणार नाही. पण पंत, त्या शनिवारी संध्याकाळी बाजार उठला तेव्हा मी दुकानात एकटाच होतो. तुम्ही गावातच होता. माझं दुकान तुमच्या घरापासून किती लांब होतं? पुन्हा एकदा का आला नाहीत? त्याचं उत्तर कुणी द्यायचं?